नॉर्वेची फ्लाटब्रो, सोलापूरच्या तव्यावर

कडक भाकरी काय असते हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर तिच्यातलं पाणी पुरतं काढून टाकायचं, की ती दुरडीत आठवडेच्या आठवडे राहते. नॉर्वेतली फ्लाटब्रो याच हिशेबाने चालते. धान्य वेगळं, हवा वेगळी, हत्यारं थोडी वेगळी. काम मात्र तेच, भाजण्यापेक्षा वाळवण्याचं. इंटरनेटवरच्या बऱ्याच पाककृती पीठ आणि लाटण्यावर रकाने भरतात आणि वाळवणं एका ओळीत उरकतात. मग दुसऱ्या दिवशी फ्लाटब्रो चामट झाली की लोक पिठाला दोष देतात. दोष पिठाचा क्वचितच असतो. आत पाणी राहिलेलं असतं.

आधी ती अशी का घडली ते थोडक्यात. नॉर्वेच्या बऱ्याच भागात गहू नीट पिकत नाही. उन्हाळा छोटा आणि थंड. तिथे तग धरणारी धान्यं म्हणजे जव आणि ओट. जवात चिकटपणा कमी, त्यामुळे फुगलेला पाव त्याचा धड होत नाही, पण पातळ पोळी होते. दळण ओढ्यावरच्या पाणचक्कीवर. ओढ्याला जोर वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरदातल्या पावसात, म्हणून दळण त्या दोन हंगामांत आणि भाजणंही तेव्हाच. शेतघराशेजारी भाजण्यासाठी वेगळी खोली असे. काही बायका हेच काम करत घरोघर फिरत, एकेका घरी कित्येक दिवस भाजणं चाले. तयार चळती ‘स्ताब्बुर’ नावाच्या लाकडी कोठारात जात. हे कोठार खांबांवर उचललेलं असतं, म्हणजे उंदीर चढत नाहीत आणि खालून ओल लागत नाही. तिथे फ्लाटब्रो कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त टिके. दुष्काळी वर्षांत, आणि १८०७ ते १८१४ या काळातल्या समुद्री नाकेबंदीत धान्य येईना तेव्हा, पिठात झाडाची आतली साल वाळवून दळून मिसळत. बटाटा रुळला तसा तोही पिठात आला.

तिथल्या भाजायच्या तव्याला ‘ताक्के’ म्हणतात. सपाट, गोल, लोखंडी, अर्धा मीटर आणि त्याहून मोठा. आपल्या घरी एवढा तवा नाही आणि त्याची गरजही नाही. २६ सेंटिमीटरची फ्लाटब्रो गॅसवर उत्तम होते.

पिठापासून सुरुवात करू, कारण सोलापुरात पहिली अडचण तिथेच आहे. किराणा दुकानात ‘सातूचं पीठ’ मागितलंत तर भाजलेल्या गव्हा-डाळ्याचं गोड खाण्याचं पीठ हातात पडण्याची शक्यता जास्त. ते इथे चालत नाही, भाजलेल्या पिठाची पोळी लाटताच येत नाही. ‘जव’ असं स्पष्ट मागा. पूजेच्या सामानाच्या दुकानात जव हमखास मिळतात, पण ते सालासकट असतात. जवाचं साल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. तसंच दळलं तर पिठात काड्या येतात, आणि मिलिमीटरभर जाडीच्या पोळीत एक काडी म्हणजे एक भोक. शिवाय पूजेचं धान्य कीड लागू नये म्हणून कशाने तरी चोळलेलं असू शकतं. खाण्यासाठी म्हणून विकलेलेच घ्या. दुकानात सोललेले, पांढरट, गुळगुळीत जव मिळतात, आजाऱ्याला ज्यांचं पाणी करून देतात ते. तेच घ्यावेत. सालाचेच मिळाले तर हुग्गीसाठी गहू कांडतो तसे करायचे: पाण्याचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवायचे, उखळात कांडायचे, पाखडायचे, पुन्हा एकदा कांडायचे आणि उन्हात खडखडीत वाळवून मग दळायचे. काम कष्टाचं आहे, पण चव सोललेल्या जवापेक्षा निश्चित चांगली येते.

गिरणीवाला दोन-तीन किलोंखाली दळण घेत नसेल तर मिक्सर आहेच, मात्र २०० ग्रॅमच्या वर एका वेळी टाकू नका. जव कठीण असतात, भांडं तापतं आणि पीठ ओलसर होऊन बुडाला बसतं. गिरणीत दिलंत तर गव्हानंतर दळून मागा. हरभऱ्याच्या डाळीनंतर दळलं तर बेसनाचा वास फ्लाटब्रोला शेवटपर्यंत राहतो. दळलेलं पीठ पिठाच्या बारीक चाळणीने दोनदा चाळायचं. ओट मात्र सोपे. साधे चपटे ओट, मसाला किंवा साखर नसलेले, मिक्सरमधून बारीक करून घ्यायचे. नॉर्वेत राय नावाचं धान्यही वापरतात. इथे ते शोधत फिरण्यात अर्थ नाही, त्याच्याशिवायच्या फ्लाटब्रो तिथेही भरपूर होतात.

बारा फ्लाटब्रोंसाठी प्रमाण असं: जवाचं पीठ २५० ग्रॅम, ओटचं पीठ ५० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम (सपाट चमचाभर), आणि पाणी २८० ते ३०० मिलिलिटर. बस्स. तेल नाही, तूप नाही, सोडा नाही. आजकालच्या काही कृतींत लोणी किंवा ताक असतं, आणि ती फ्लाटब्रो खायला खुसखुशीत लागते हेही खरं. पण टिकवायची असेल तर स्निग्ध पदार्थ घालू नये. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात डब्यातलं तूप-तेल फार लवकर खवट होतं. जिरं, ओवा, तीळ घालायचा मोह आवरावा. चवीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एवढ्या पातळ पोळीत तीळ म्हणजे दगड, लाटण्याखाली अडकून पोळी फाडतो.

कणीक कशासाठी? जवात ग्लुटेन असतं, पण ते गव्हातल्यासारखं ताणलं जात नाही. नुसत्या जवाची पोळी लाटता येते, तिथल्या सराईत बायका लाटतही. नवख्याची मात्र कडेने फाटते. एक तृतीयांश कणीक त्या पोळीला धरून ठेवते. हात बसला की कणीक १०० ग्रॅमवर आणा आणि जव तेवढे वाढवा. ज्यांना गव्हाचं ग्लुटेन डॉक्टरांनी बंद केलं आहे त्यांनी कणीक काढून टाकली तरी भागत नाही, जवातही ते आहेच. त्यांनी आपली कडक भाकरीच खावी.

आता पीठ भिजवणं. सगळं एकत्र करून गार पाण्याने मळलं तरी गोळा होतो, पण लाटताना तो आधी चिकटतो आणि मग तडकतो. त्यापेक्षा दोन टप्पे करा. परातीत जव, ओट आणि मीठ एकत्र करून त्यावर २०० मिलिलिटर उकळतं आधण ओता आणि उलथन्याने कालवा. भुसभुशीत, गोळ्या गोळ्या दिसेल. काळजी नको. झाकून १५ मिनिटं ठेवा. आधणाने जवातला स्टार्च फुलतो आणि चिकट होतो. ज्वारीच्या पिठाला आधण घालतात ते याचसाठी. हे मिश्रण कोमट झाल्यावरच कणीक घाला. गरम असताना घातली तर कणकेचा ताण मरतो आणि ती घालून न घातल्यासारखी होते. मग उरलेलं ८० मिलिलिटर साधं पाणी थोडं थोडं शिंपडत सहा-सात मिनिटं चांगलं मळा. जव हळूहळू पाणी पितो, म्हणून सुरुवातीला सैल वाटलं तरी वरून पीठ घालू नका. झाकून अर्धा तास ठेवल्यावर तोच गोळा पुरीच्या पिठाइतका घट्ट होतो. अर्ध्या तासानंतरही बोटाने दाबल्यावर भेग पडत असेल तर चमचाभर पाणी लावून पुन्हा मळायचं. उन्हाळ्यात पीठ कोरडं असतं, तेव्हा ३०० मिलिलिटरच्या जवळ जावं लागतं. पावसाळ्यात २७० लाही भागतं.

यात ज्वारी मिसळता येईल का, हा प्रश्न इथे कुणीही विचारेल. येते, पण ज्वारीत ग्लुटेन अजिबात नसतं, म्हणून ती जवाच्या वाट्यातून घ्यायची, कणकेच्या नव्हे. ४५० ग्रॅम पिठात १०० ग्रॅमपर्यंत ज्वारी चालते, आणि तिलाही आधण हवंच. त्याच्या वर गेलात की ते लाटायचं काम राहत नाही, थापायचं होतं. ज्वारीचा खरा उपयोग दुसरीकडे आहे: पिठी म्हणून. लाटताना कणीक भुरभुरवली तर ती पोळीत मुरते आणि तव्यावर जळते. ज्वारीचं पीठ थोडं रवाळ, ओल पटकन ओढत नाही आणि झटकलं की झडतं. तांदळाची पिठीही चालते. चवीला ज्वारीच बरी.

हत्यारांत तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, तवा सपाट हवा. आपला रोजचा पोळीचा तवा मध्ये खोलगट असतो. त्यावर फ्लाटब्रो त्याच आकाराची वाळते आणि डब्यात रचताना तुटते. डोशाचा बिडाचा सपाट तवा उत्तम. नॉनस्टिक नको. इथे तवा कोरडा आणि बराच वेळ तापतो, तो त्या लेपाला मानवत नाही. दुसरी, खाचांचं लाटणं. नॉर्वेत शेवटचा हात खाचा असलेल्या लाटण्याने फिरवतात. आपल्याकडे पापडाचं रेघांचं लाटणं असतं, नेमकं तेच काम करतं. नसेल तर काट्याच्या चमच्याने बोटभर अंतरावर टोचत जायचं. तिसरी, उलटायची पट्टी. तिथे लांब, चपटी लाकडी पट्टी असते. बुरुडाकडून ५० सेंटिमीटर लांब, दोन बोटं रुंद बांबूची पट्टी करून घ्या, एक टोक तासून पातळ आणि दोन्ही कडा काचपेपरने गुळगुळीत. एवढी पातळ कच्ची पोळी हाताने उचलली की ताणते आणि बोटांच्या जागी भोकं पडतात. उलथन्यानेही घडी पडते.

लाटायला पोळपाटावर कापड ताणून बांधावं. कापडाच्या विणीत पिठी धरून राहते, म्हणून पोळी चिकटत नाही आणि पिठी कमी लागते. सोलापुरात कापडाला तोटा नाही, पण टॉवेल घेऊ नका. त्याच्या फासांत पीठ अडकून ओलं होतं आणि पोळी त्यात रुतते. धुतलेलं मांजरपाट घ्यावं, पोळपाटाच्या खाली गाठ मारून नगाऱ्यावरच्या कातड्याइतकं घट्ट.

पिठाचे ६० ग्रॅमचे बारा गोळे करा. वजनकाटा वापराच, अंदाजाने केलेले गोळे लहानमोठे होतात आणि मग प्रत्येक पोळी वेगळ्या वेळी वाळते. गोळा दोन्ही तळव्यांत फिरवून कडेची भेग पूर्ण बुजवायची, कारण आत्ता राहिलेली केसभर भेग २६ सेंटिमीटरला पोचेपर्यंत दोन बोटं खोल होते. चपटा करून पिठीत घोळवा आणि सगळे गोळे असे करून पाच मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा. त्यानंतर साध्या लाटण्याने मधून कडेकडे लाटत जा, कडेवर लाटणं उतरू देऊ नका. पोळीला दर दोन हातांनंतर पाव फेरा फिरवा. साधारण २० सेंटिमीटर झाली की एकदा उलटी करून खाली पिठी भुरभुरवा. यानंतर उलटायची नाही. २६ सेंटिमीटर झाली की रेघांचं लाटणं एकदा उभं आणि एकदा आडवं हलक्या हाताने फिरवा, बारीक चौकडी उठेल. ही चौकडी शोभेची नाही. खाचांमुळे पोळी जागोजागी दाबली जाते, वाफ एका जागी साचत नाही आणि पापुद्रा सुटत नाही. ६० ग्रॅमचा गोळा एवढा पसरला की जाडी मिलिमीटरच्या जरा आत येते. पोळी पट्टीवर घेऊन उजेडासमोर धरली की मागे हाताची सावली दिसायला हवी. कुठे गडद डाग दिसला तर तिथे जाडी राहिली आहे, आणि तोच डाग उद्या चामट लागणार.

वरची पिठी मऊ ब्रशने झटकून टाका. तिकडे पूर्वी यासाठी पक्ष्याचा पंख वापरत.

भाजायला दोन तवे ठेवा. हे आपल्या गॅसच्या शेगडीमुळे. ताक्के मोठं आणि सगळीकडे सारखं तापतं, गॅसच्या बर्नरवर मात्र तव्याचा मधला भाग तापतो आणि कड थंड राहते. एकाच तव्यावर कड वाळेपर्यंत थांबलात तर मध्य करपतो. म्हणून पहिला तवा मध्यम आचेवर, पोळी धरण्यापुरता. दुसरा सगळ्यात बारीक आचेवर, वाळवण्यासाठी. पहिल्याचं तापमान २०० ते २२० अंश सेल्सिअस, दुसऱ्याचं १५० च्या आसपास. तापमापक नसेल तर पहिल्या तव्यावर चिमूटभर ज्वारीचं पीठ टाका: अर्ध्या मिनिटात ते बदामी झालं पाहिजे. दहा सेकंदांत धूर आला तर आच कमी करा आणि तवा थोडा निवू द्या.

पट्टी पोळीच्या मधोमध खालून सरकवा आणि उचला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या लोंबतील. एक कड तव्याच्या पलीकडच्या बाजूला टेकवा आणि पट्टी फिरवत उरलेली पोळी सोडत आपल्याकडे या. तव्याला तेल नाही. साधारण मिनिटभराने वरचा रंग फिका पडतो आणि कड किंचित उचलली जाते. पट्टीने उलटा, दुसऱ्या बाजूलाही मिनिटभर. आणि इथे भाकरी-फुलक्याची सवय आड येते. फुगायला लागली की आपला हात सुखावतो. फ्लाटब्रोत फुगणं हा दोष आहे. फुगली की दोन पापुद्रे होतात, वरचा करपतो, खालचा ओला राहतो, आणि वाळल्यावर तो फुगा नुसत्या बोटाने फुटतो. फुगा दिसला की कोरड्या फडक्याने लगेच दाबा. भाकरीसारखं पाणीही वरून लावायचं नाही. रंगाचा आग्रह धरू नका. तयार फ्लाटब्रो फिकट असते, जागोजागी बारीक तपकिरी ठिपके, बस. सगळीकडून खरपूस केलीत तर जवाची गोडसर चव जाऊन कडसर होते.

पहिल्या तव्यावरून उतरते तेव्हा ती अजून वाकते. याच वेळी तिला सपाट करून घ्यायचं: पोळपाटावर ठेवून वर ताट पालथं घालून मिनिटभर दाबा. जास्त वेळ नको, दबलेली वाफ परत तिच्यातच मुरते. मग दुसऱ्या तव्यावर एकेका बाजूने दोन-दोन मिनिटं, फिरवत फिरवत, कड तव्याच्या मधल्या गरम भागावर येईल अशी. दर पोळीनंतर दोन्ही तवे कोरड्या फडक्याने पुसा. तव्यावर राहिलेली पिठी काळी पडते आणि पुढच्या पोळीला चिकटते. फ्लाटब्रो कडू लागते ती बहुतेक वेळा यामुळे.

ज्यांच्याकडे चूल आहे त्यांना दुसरा तवा नको. कडक भाकरी जशी चुलीच्या कडेला निखाऱ्यासमोर उभी करून ठेवतात तशीच हीही ठेवायची, पाचएक मिनिटांनी बाजू बदलायची. ओव्हन असेल तर जाळीवर एकेक पसरून १३० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. एकावर एक ठेवून वाळवू नका.

झाली की नाही हे कसं ओळखायचं? रंगाने कळत नाही. आवाजाने थोडं कळतं: नखाने टिचकी मारली की मध्ये आणि कडेला सारखाच कोरडा आवाज यायला हवा. सगळ्यात खात्रीची परीक्षा काट्याची. ६० ग्रॅमचा कच्चा गोळा पुरता वाळला की ३५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ४० ग्रॅम भरला तर आत अजून पाच ग्रॅम पाणी आहे, आणि सकाळपर्यंत ते सगळीकडे पसरून फ्लाटब्रो रबरासारखी वाकणार. गरम असताना ती कडकच वाटते, म्हणून लोक फसतात. पूर्ण गार झाल्यावर मोडून बघा. काडकन तुटली पाहिजे.

फेब्रुवारी ते मे सोलापूरचं ऊन यात मोठी मदत करतं. तव्यावरून उतरलेल्या फ्लाटब्रो सुती साडीवर पसरून, वरून पातळ फडकं घालून बारा ते चार उन्हात ठेवल्या की उरलीसुरली ओल जाते. आपण जिथे कुरडया-पापड घालतो तीच गच्ची, तोच महिना. नॉर्वेत ही चैन नाही, तिथे हे सगळं विस्तवाच्या उबेवर करावं लागे. गच्चीवरून मात्र चार वाजता उचलायच्या. संध्याकाळी हवेत गारवा आला की वाळलेलं पीठ ओल परत ओढून घेतं.

बिघाडांपैकी जे वर आले नाहीत ते असे. कडा वर वळून वाटीसारखी होत असेल तर एक बाजू दुसरीपेक्षा लवकर वाळली आहे. दुसऱ्या तव्यावर अधिक वेळा उलटा. लाटताना मध्येच आखडून मागे येत असेल तर कणीक जास्त मळली गेली आहे, दहा मिनिटं झाकून ठेवा, सैल पडेल. पोळी कापडाला चिकटून फाटली तर ती परत मळून लगेच लाटू नका. तिच्यात बरीच पिठी गेलेली असते. असे सगळे तुकडे बाजूला ठेवून शेवटी पाण्याचा हात लावून एकच गोळा करा आणि त्याची नेहमीची जाड भाकरी करून गरम गरम खाऊन टाका. तयार फ्लाटब्रोच्या मधोमध भेग पडत असेल तर ती गरम असतानाच गार फरशीवर ठेवली गेली. दुरडीत किंवा जाळीवर निववा.

बटाट्याची फ्लाटब्रो वेगळी आणि नवख्याला थोडी सोपी, कारण पीठ मऊ राहतं. अर्धा किलो बटाटे सालासकट उकडा, गरम असतानाच सोलून किसणीवरून किंवा पुरणयंत्रातून काढा, आणि परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. त्यात जवाचं पीठ २०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम. पाणी नाही. गरम बटाट्यात पीठ घातलं तर तो चिकट लगदा होतो, त्यात पीठ ओततच राहावं लागतं आणि शेवटी बटाट्याची चव उरत नाही. प्रेशर कुकरमध्ये बटाटे थेट पाण्यात न घालता जाळीवर ठेवून उकडा, पाणी कमी पितात. ही पोळी वाळायला दीडपट वेळ लागतो आणि गोळ्यातलं पाणीही जास्त असतं, म्हणून वर दिलेला ३५ ग्रॅमचा हिशेब इथे लागू नाही. तुटण्याच्या आवाजावर जा. ती टिकतेही कमी. महिन्याभरात संपवावी. याच पिठाची पोळी वाळवली नाही आणि मऊच ठेवली की ती नॉर्वेतल्या बटाट्याच्या ‘लेफ्से’च्या जवळ जाते, पण तो वेगळा पदार्थ.

ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा. पूर्ण गार झाल्याशिवाय आत ठेवू नका. खाली कोरडं सुती फडकं, उभ्या न ठेवता आडव्या रचा. उन्हाळ्यात केलेल्या तीन-चार महिने बिनघोर राहतात. जूनमध्ये हवा ओली झाली की नॉर्वेचा वर्षभराचा हिशेब इथे चालत नाही. दर वेळी डबा उघडला की ओल आत जाते, म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी सहा-सहाचे दोन डबे करा आणि एक संपेपर्यंत दुसरा उघडू नका. नरम पडलेली फ्लाटब्रो वाया जात नाही. बारीक आचेच्या तव्यावर एकेका बाजूने मिनिटभर ठेवली की परत कडक होते. बुरशीचा ठिपका किंवा कुबट वास आला तर मात्र फेकायचीच, ऊन दाखवून काही होत नाही.

खाण्याचं म्हणाल तर नॉर्वेत ती लोण्याबरोबर, ब्रूनोस्ट या तपकिरी गोडसर चीजबरोबर, खारवून वाळवलेल्या मांसाबरोबर, राकफिस्क या आंबवलेल्या माशाबरोबर, मटण-कोबीच्या फोरिकोलबरोबर आणि वेगवेगळ्या सुपांबरोबर खातात. थंड दुधात तिचा चुरा करून खायचीही जुनी पद्धत आहे, त्याला ‘सोल’ म्हणतात. दुधात कुस्करलेली कडक भाकरी खाल्लेल्याला यात नवल काही नाही. फक्त एक फरक: फ्लाटब्रो भाकरीपेक्षा पातळ, दुधात पडताच मऊ होते, म्हणून चुरा मोठा ठेवायचा आणि वाढल्या वाढल्या खायचा. त्याच कारणाने आमटीत ती मला पटत नाही, दोन घासांत तिची पेज होते. आमटीला कडक भाकरीच हवी. फ्लाटब्रोवर ताजं लोणी पातळ लावून वर कांडलेली शेंगा चटणी दाबून बसवली तर मात्र ती दोन्ही बाजूंनी जिंकते. चटणी पूडवाली सुटी नको, तेल सुटलेली ओलसर हवी, नाहीतर निम्मी ताटात पडते. लोणी खाण्याच्या वेळीच लावायचं. लावून डब्यात दिलंत तर मधल्या सुट्टीपर्यंत ती वाकायला लागलेली असते.